पिकअप उंच केली, आख तिथंच राहिला



मागच्या आठवड्यात गावातल्या एका पोरानं विचारलं, "काका, तुमच्या पिकअपसारखे मोठे टायर कुठं बसवून मिळतील? आणि पाटे किती वाढवले होते?" म्हणलं, बाबा, ते टायर काढून मला चार महिने झाले. तो म्हणे, का काढले? चांगली दिसत होती की गाडी. रस्त्यावर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहितो. पैसे माझे गेले, निदान हिशेब तरी तुमच्या कामाला यावा.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशनच्या अंगाला. जमीन काळी, खोल. कपाशी, मका आणि उन्हाळी कांदा ही आपली पिकं. कांद्याची चाळ वावरातच बांधलेली आहे, गावापासून दीड किलोमीटरवर. त्यातला एक किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे. शेवटचा अर्धा किलोमीटर मात्र नाल्याच्या कडेनं जाणारी काळी वाट. उन्हाळ्यात तिच्यावर मोटारसायकल पळते. पाऊस झाला की माणसाची चप्पल त्यात राहते. वरच्या अंगानं दुसरी एक वाट होती, मुरमाड. तिचं पुढं सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यात या अर्ध्या किलोमीटरात माझी पिकअप तीन वेळा फसली. दर वेळी कोणाचा तरी ट्रॅक्टर बोलवा, डिझेल द्या, वरून त्याचं ऐकून घ्या. कांदा चाळीत असला की थांबताही येत नाही. दमट हवेत खालचा थर सडायला लागला की वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. भाव असो नसो, माल बाहेर काढावाच लागतो.

तेव्हा थोरल्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. परदेशातल्या पिकअप, छातीएवढे टायर, पाण्यातून, चिखलातून सरळ निघून जातात. पोरगं म्हणे, आपणही गाडी उचलू. मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं.

मे २०२५ मध्ये उन्हाळी कांद्याचे थोडे पैसे हातात होते. शहरात एका गॅरेजवर गेलो. पुढं एक पाटा वाढवला, मागं दोन पाटे आणि आखावर लोखंडी ठोकळा टाकून लांब यू बोल्ट लावले. गाडीला कंपनीचे २१५/७५ आर १५ टायर होते. ते काढून २३५/७५ आर १५ चे चार टायर घातले, मोठ्या जीपगाडीचे, जुने पण नक्षी चांगली असलेले. टायरचे १४ हजार, बाकी सामान आणि मजुरी ११ हजार. एकूण २५ हजार. गाडी अडीच इंच वर आली. गावात शिरलो तर पोरं मागं पळत आली. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जूनमधल्या पहिल्या पावसात गाडी निघाली. म्हणलं, पैसे वसूल. पण तो नुसता वरचा ओलावा होता. मग आला सप्टेंबर. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वावरांची तळी झाली होती. त्या पावसात माझी उंच गाडी पहिल्याच खेपेला, जुन्या ठिकाणापासून वीस पावलं पुढं फसली. आधी फसत होती तशीच, मागच्या आखाचा गोळा चिखलावर टेकून.

घरी येऊन टेप काढला आणि मोजलं. हे मी गाडी उंच करायच्या आधी मोजायला पाहिजे होतं.

टायरवरच्या आकड्यांचा अर्थ असा. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के टायरच्या बाजूची उंची. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचात. जुना टायर जमिनीपासून वरपर्यंत ७०३ मिलिमीटर. नवा २३५/७५ हा ७३३ मिलिमीटर. फरक ३० मिलिमीटर. पण आख असतो चाकाच्या मधोमध, म्हणून आख वर येतो फक्त निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. माझ्या बोटाची रुंदी आहे ती.

आणि पाटे? पाटे आखाच्या आणि चेसीच्या मधे असतात. पाटे वाढवले की बॉडी वर जाते. आख आपल्या जागेवरच. चिखलात टेकतो तो आख. म्हणजे ११ हजार रुपये देऊन मी जो भाग वर केला तो कधी फसतच नव्हता.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीचं लाकडी चाक माझ्या छातीला लागायचं. पाच फुटांच्या आसपास व्यास. म्हणून ती गाडी गाऱ्यातून जायची, आख गुडघ्याच्या वर असायचा. मोठं चाक चिखलात चालतं हे खरंच आहे. पण ते एवढं मोठं पाहिजे. बोटभर वाढवून ती गोष्ट साधत नाही, आणि पिकअपला पाच फुटांचं चाक बसत नाही.

दुसरी गोष्ट, काळ्या मातीत उंचीपेक्षा पकडीचा प्रश्न असतो. आपली माती चिकण. चाक दोन फेरे फिरलं की टायरची नक्षी भरून जाते. मग नक्षी कितीही खोल असो, टायर गुळगुळीत गोटाच होतो. त्यात पिकअपला ट्रॅक्टरसारखा डिफ लॉक नाही. मागचं एक चाक गाऱ्यात आलं की सगळी ताकद तेच खातं, कोरड्यावरचं दुसरं चाक नुसतं बघत बसतं. टायर मोठा केल्यानं यात फरक पडत नाही. उलट चाक चार टक्के मोठं झालं की जोर तेवढा कमी लागतो. चढाला पोरगं क्लच दाबून गाडी उठवायला लागलं. क्लच जळल्याचा वास मलाही यायचा, पण मी गप्प होतो.

मीटरचंही तेच. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळत असते. मीटरवर १००० किलोमीटर झाले तर खरे १०४३ झालेले असतात. म्हणून ॲव्हरेज आहे त्यापेक्षाही कमी दिसतं.

इथपर्यंतचं नुकसान पैशाचं होतं. पुढचं तसं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला. कपाशीची पहिली वेचणी आली. सकाळी पोरानं वेचणीच्या नऊ बाया गाडीत मागं उभ्या करून वावरात नेल्या. त्यात आमच्या घरचीही होती. दिवसभर वेचणी झाली. बाया त्या दिवशी लवकर, पायीच परत गेल्या, कारण गाडीत कांदा भरायचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे शहरात जाधववाडीच्या मार्केटला पोहोचायचं होतं. ४० गोण्या भरल्या. पन्नास किलोची गोणी धरा, म्हणजे दोन टन. गाडी तेराशे किलोची. हे मी नेहमीच करत होतो. "पाटे वाढवलेत, आता काय होतंय" असं स्वतःच म्हणालो होतो.

नाल्याच्या उताराला डाव्या अंगाची चाकोरी वरून वाळलेली, आतून ओली होती. डावं मागचं चाक तिथं खचलं. वितभर असेल, जास्त नाही. जुन्या उंचीची गाडी तिथं नुसती कलली असती. ही उंच गाडी कलली, वरच्या गोण्या डावीकडं सरकल्या, गोण्यांच्या वजनानं गाडी आणखी कलली. मी मागून चालत येत होतो. उजवी दोन्ही चाकं जमिनीवरून सुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. गाडी नाल्याकडच्या बाभळीला टेकली आणि थांबली. बाभूळ नसती तर खाली आठ-दहा फूट नाला होता.

पोरगं उजव्या दारातून वर चढून बाहेर आलं. त्याला काही झालं नाही. मी तिथंच बांधावर बसलो. डोक्यात एकच. सकाळी याच वाटेनं, याच गाडीत नऊ बाया उभ्या होत्या.

कडब्याची गाडी भरताना आपण काय करतो? जास्त उंच थर लागला की म्हातारी माणसं म्हणायची, बस, आता कलंडेल. तेवढी अक्कल मला बैलगाडीसाठी होती. पिकअपला अडीच इंच वर करून, तिच्यावर दोन टन माल रचताना ती कुठं गेली होती कोण जाणे.

तेवढ्यात वरच्या वावरातून ट्रॅक्टर येताना दिसला. चुलतभावाचा.

आता त्या मुरमाड वाटेचं सांगतो. ती वाट त्याच्या वावरातून, वरच्या बांधाला धरून जायची. आमच्या आजोबांच्या काळापासूनची गाडीवाट. नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावरून आमचं वाजलं. तोंडाला येईल ते दोघंही बोललो. पुढच्या नांगरटीत त्यानं वाट मोडली. मी म्हणलं, ठेव तुझी वाट तुला. तेव्हापासून मी नाल्यानं जात होतो आणि आम्ही बोलत नव्हतो. २५ हजार रुपये खर्च करून गाडी उचलली ती चिखलासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण त्याच्या दारात जायची पाळी येऊ नये, हेही त्यात होतं.

तो आला. आधी पोराकडं बघितलं, मग मला विचारलं, "लागलं तर नाही ना कोणाला?" नऊ वर्षांनी पहिला शब्द. मी मान हलवली. तो म्हणाला, "गोण्या उतरवून घ्या, अंधार पडतोय." गोण्या उतरवल्या, वायररोप बांधला, गाडी सरळ करून ओढून दिली आणि तो निघून गेला. डिझेलचं विचारलं तर हातानंच नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी एका जुन्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं खाली शिरून पाहिलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. मंडळी, ज्यांनी पाटे वाढवलेत त्यांनी हे नीट वाचा.

पहिली गोष्ट ब्रेकची. पिकअपच्या मागच्या आखाजवळ एक झडप असते, तिची दांडी आखाला जोडलेली. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त जोर सोडते. गाडी रिकामी असली की जोर कमी सोडते, मागची चाकं घसरू नयेत म्हणून. आता पाटे वाढवले, ठोकळे टाकले, तर दोन टन भरूनही गाडी खाली बसत नाही. झडपेला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीएवढाच मागचा ब्रेक. महामार्गावर गाडी लांब जाऊन थांबते असं पोरगं दोनदा म्हणालं होतं. मी म्हणलं होतं, नवे टायर आहेत, सवय होईल.

दुसरी गोष्ट टायरची. मागच्या एका टायरच्या आतल्या अंगाला लिंबाएवढा फुगा आला होता. मिस्त्रीनं टायरवरचा आकडा दाखवला, १०५. त्याचा अर्थ, त्या टायरनं जास्तीत जास्त ९२५ किलो वजन घ्यायचं. गाडी रिकामी सतराशे किलोच्या आसपास, त्यात दोन टन कांदा. साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या आखावर येतं, म्हणजे एकेका मागच्या टायरवर बाराशे किलो. त्यावर लिहिलेली जास्तीत जास्त हवा ४४, मी भरत होतो ५५. कारण मला वाटायचं मोठा टायर म्हणजे जास्त ताकदीचा. ते टायर माणसं नेणाऱ्या गाडीचे होते, मऊ बाजूचे. आपल्याला लागतात ते हलक्या मालवाहू गाडीचे, एलटी लिहिलेले, कडक बाजूचे. आकार मोठा असला म्हणून वजन जास्त पेलतो असं नाही. वजनाचा आकडा वेगळा असतो, तो वाचायचा. आणि मूळ टायर असले तरी तेराशेच्या गाडीत दोन टन भरणं चूकच, तेही सांगून ठेवतो.

मिस्त्रीनं ठोकळे आणि जादा पाटे काढले, दांडी पुन्हा मापात लावली. टायर मूळ मापाचे, एलटी, नवे घेतले. उचललेल्या गाडीचा सगळा खर्च पाण्यात, आणि हा वरून.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या मापापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका फेरफारासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्यावाले हात वर करायला मोकळे. आणि मालगाडीत मागं माणसं उभी करणं, ते तर उंच गाडी असो की नसो, मी आता बंद केलं आहे. बायांना नेण्यासाठी रिक्षा लावतो. खर्च होतो, होऊ दे.

दिवाळी झाल्यावर मी चुलतभावाच्या घरी गेलो. घरचीनं आधी जाऊन भावजयीला सांगितलं होतं, म्हणून दार तरी उघडं होतं. मी तहसीलला जायची धमकी द्यायला गेलो नव्हतो. पण कायदा काय आहे ते आधी विचारून घेतलं होतं. वापरातली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. मी नऊ वर्षं रुसून बसलो, ती मुदत कधीच गेली. नवा रस्ता बांधावरून मागायचा तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. शिवाय मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी असं आलं आहे. तुमची वाट कोणी अडवली असेल तर माझ्यासारखं बसू नका, ६ महिने लक्षात ठेवा.

त्यानं लगेच हो म्हणलं नाही. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं. मग म्हणाला, त्याला माझ्या खालच्या वावरातून पाइपलाइन न्यायची आहे. तीन वर्षांपासून मनात होतं म्हणे, पण विचारायचं कोणी? म्हणजे तोही माझ्यासारखाच लांबून पाइप फिरवत बसला होता. शेवटी ठरलं ते असं. तो वरच्या बांधाला धरून दहा फूट वाट देणार, मी पाइपलाइनला जागा देणार, मुरूम दोघांच्या खर्चानं. खालच्या अंगाला पाणी जायला चर आणि मधे दोन सिमेंटचे नळे. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला आणि पाणी अडलं, तर दोन पावसाळ्यांत मुरूम खाली आणि माती वर, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

विहिरीच्या पाण्याचं आम्ही त्या दिवशी काढलं नाही. ते अजून तसंच आहे. वाटेची नोंदही अजून व्हायची आहे. काम निम्मं झालंय, खरी परीक्षा येत्या पावसाळ्यात. जमलं नाही तर तेही इथं लिहीन.

तोपर्यंत ज्यांना काळ्या वाटेनंच जावं लागतं त्यांच्यासाठी, माझ्या अनुभवातलं:

गाऱ्यात गाडी निम्मी भरा, दोन खेपा करा. दोन खेपांचं डिझेल ट्रॅक्टरवाल्यापेक्षा स्वस्त पडतं.

ट्रॅक्टरचा मोठा टायर वावरात १२-१४ हवेवर चालतो, म्हणून तो पसरतो आणि पकडतो. पिकअपचा टायर ५५ वर दगडासारखा असतो. निम्मी भरलेली गाडी असेल तर चिखलाच्या तुकड्यापुरती हवा कमी करा, चालीच्या वेगानं जा आणि डांबरीवर चढण्याआधी पुन्हा भरा. पंप गाडीत ठेवा. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली तर टायर तापून फुटतो.

ओल्या वावरात भरलेली गाडी घालूच नका. वापसा नसताना चाक फिरलं की खालची माती दाबून घट्ट होते, पुढच्या पिकाची मुळं तिथं अडतात. माझ्या चाळीपुढच्या पट्ट्यात या साली कपाशी हातभर कमी वाढली आहे, चाकोऱ्या ओळखू येतात.

आणि गाडीवर पैसे घालण्याआधी टेप घेऊन आखाखालची जागा मोजा.

त्या पोराला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "काका, पण दिसायला भारी होती." होती ना. म्हणूनच लिहिलं.